दोन वर्षांच्या हट्टाला पाप म्हणायचे का?

"एवढासा जीव, पण राग बघा केवढा!" हे वाक्य आपल्या घरांत कधी कौतुकाने म्हटले जाते, कधी वैतागून. कौतुक टिकते ते घराच्या चार भिंतींत. तेच मूल बाजारात, एसटी स्टँडवर किंवा लग्नाच्या मांडवात जमिनीवर लोळण घेऊ लागले की कौतुकाची जागा लाज घेते आणि लाजेच्या मागोमाग एखादी सणसणीत चापट येते. शेजारची एखादी म्हणते, "आत्ताच वळण लावा, नाहीतर डोक्यावर बसेल." दुसरी म्हणते, "लेकरू आहे गं, त्याला काय कळते?" दोघींच्या बोलण्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. दीड ते तीन-साडेतीन वर्षांचे मूल आकांत करते, चावते, ताट भिरकावते, तेव्हा ते खरोखर काही वाईट करत असते का? आणि करत नसेल, तर त्याला आवरण्याचा आपला अधिकार कोणता?

संत ऑगस्टीन यांनी हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी हाताळला. आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ते एका तान्ह्या बाळाविषयी लिहितात. बाळाला अजून बोलता येत नव्हते, पण त्याच्याच दाईचे दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे ते फिकट चेहऱ्याने, जळत्या नजरेने बघत होते. त्यावरून संतांनी कठोर निष्कर्ष काढला: बाळाचा निरागसपणा त्याच्या दुबळ्या हातापायांत आहे, मनात नाही. ज्यांना 'आत्ताच वळण लावा' म्हणायचे असते त्यांना हे वाक्य फार आवडते.

पण त्याच पानांवर आणखीही बरेच काही आहे, आणि ते सहसा सांगितले जात नाही. ऑगस्टीन म्हणतात की लहानपणी आपल्याला काय हवे आहे हे मोठ्यांना समजावून सांगता येत नव्हते, म्हणून आपण हातपाय झाडत होतो, ओरडत होतो. कधी ते समजत नसे म्हणून, कधी ती वस्तू अपायकारक म्हणून मिळत नसे, आणि मग आपण रडून त्याचा सूड घेत होतो. पुढे शाळेतला मार चुकावा म्हणून आपण देवाकडे अगदी मनापासून प्रार्थना करत होतो, आणि आपले आईवडीलसुद्धा त्या भीतीला हसत होते, हेही ते विसरलेले नाहीत. मोठ्यांच्या खेळांना 'कामधंदा' म्हणतात आणि मुलांच्या खेळांना शिक्षा होते, असा टोमणाही ते मारतात. बिशप झाल्यावरही ज्याच्या मनातून छडी गेली नाही, त्या माणसाला छडीचा वकील करणे आम्हांला पटत नाही.

ख्रिस्तसभेच्या कायद्याने तर या बाबतीत स्पष्ट रेघ ओढली आहे. १९८३ च्या धर्मनियम संहितेतील ९७ व्या कलमानुसार सात वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल आपल्या कृत्यांना जबाबदार धरले जात नाही. सात पूर्ण झाल्यावर त्याला सारासार विचार आहे असे गृहीत धरले जाते. १९१० साली पोप दहावे पायस यांनी प्रथम कम्युनियनचे वय ठरवले तेही याच सातव्या वर्षाच्या आसपास. मग अडीच वर्षांच्या मुलाच्या हट्टाला पाप कसे म्हणायचे? पापाला जाणीव लागते, संमती लागते. या वयात दोन्ही नसतात.

असते ते काय? फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३१ साली लहान मुलांच्या रागावर एक पुस्तक लिहिले. त्यासाठी त्यांनी आयांनाच मुलांच्या रागाच्या नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या. भूक, अपुरी झोप, आजारपण, घरातली पाहुण्यांची वर्दळ यांनी आकांत वाढतो हे आपल्या आज्यांना माहीत होते, ते तिथे नोंदींतून दिसले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळले की यातले बहुतेक आकांत पाच मिनिटांच्या आत संपतात. आईला ती पाच मिनिटे तासाभराची वाटतात, ही गोष्ट वेगळी! दोन वर्षांच्या मुलाला हवे-नको कळू लागलेले असते, पण सांगायला शब्द तुटपुंजे असतात, आणि मनाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत राहतो. ऑगस्टीन यांना मेंदू माहीत नव्हता, पण 'समजावून सांगता येत नव्हते' हे त्यांनी अचूक पकडले होते.

मग मुलाला मोकळे सोडायचे का? मुळीच नाही. पाप नाही म्हणजे सगळे चालेल, असे होत नाही. मुलाने आजीला चावले तर आजीला दुखतेच. त्याचा हात धरायचा, "चावायचे नाही" असे एकदाच शांतपणे सांगायचे. आपल्या भाषेत 'वळण लावणे' असा छान शब्द आहे. वेल मांडवावर वळवतात, मोडत नाहीत. मुलाचे 'नाही' हा त्याच्या स्वतंत्र इच्छेचा पहिला उच्चार असतो. पंधराव्या वर्षी मित्रांनी बाटली पुढे केली तर हेच 'नाही' त्याला लागणार आहे. ते दुसऱ्या वर्षीच ठेचून टाकायचे आणि पुढे त्याने ठाम राहावे अशी अपेक्षा करायची, हे कसे जमावे?

या सगळ्या प्रसंगात नैतिक जबाबदारी घेऊ शकणारी एकच व्यक्ती तिथे असते, ती म्हणजे मोठी. सात वर्षे तिने केव्हाच ओलांडलेली असतात. म्हणून संत पौल कलस्सैकरांना लिहिताना मुलांना आज्ञापालन सांगतात आणि लगेच बापांकडे वळून, मुलांना चिडवू नका, ती खचतील, असे बजावतात. नीतिसूत्रांत छडीची शिकवण आहे हे खरे, पण ती बोध समजू शकणाऱ्या पुत्राविषयी आहे, दुपट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाविषयी नाही. शिवाय "दादाला मारू नकोस" असे म्हणत आपण धपाटा घालतो, तेव्हा मूल आपले शब्द ऐकते की आपला हात बघते? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी घातली. गुरुजींना जे वर्गात वर्ज्य, ते आपल्याला स्वयंपाकघरात का चालावे, हे एकदा शांतपणे विचारून बघायला हरकत नाही.

माराइतकाच आम्हांला त्रास होतो तो धमक्यांचा. "पोलीस घेऊन जाईल", "फादरांना सांगते हं", आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, "येशू तुझ्यावर रागावला." हे खोटे आहे. मूल गप्प होते, पण देवाविषयी पहिली गोष्ट शिकते ती भीतीची. संत लूक लिहितात की लोक येशूकडे तान्ह्या बालकांनासुद्धा आणत होते. शिष्य दटावत होते. येशू रागावला तो शिष्यांवर, असे संत मार्क सांगतात.

दुसरी पळवाट मोबाइलची. रडणे सुरू झाले की हातात मोबाइल, जेवत नाही तरी मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एका वर्षाच्या मुलाने पडद्यासमोर बसूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाला तासाभरापेक्षा जास्त बसू नये. पण तासांपेक्षा आम्हांला काळजी वाटते ती शिकवणुकीची: मन अस्वस्थ झाले की काहीतरी गिळून ते झाकायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात मुलांना वाट बघायला शिकवण्यावर भर दिला होता. वाट बघणे शिकताना मूल रडणारच. चॉकलेट नाकारले ते नाकारलेलेच राहू दे, पण म्हणून त्या रडणाऱ्या मुलाला कुशीत घ्यायला काय हरकत आहे? अनेकांना या दोन गोष्टी एकच वाटतात. काही मुलांना त्या क्षणी स्पर्शही नको असतो. मग दोन हातांवर, त्याला दिसेल असे बसून राहावे. त्या वेळी उपदेश करू नये, तो कानात शिरत नाही.

स्तोत्र १३१ मध्ये आईजवळ शांत असलेल्या बालकाची उपमा आहे. ते बालक दूध तुटलेले आहे, हे आपण वाचताना सोडून देतो. मक्काबी दुसऱ्या पुस्तकातली आई आपल्या मुलाला तीन वर्षे अंगावर पाजल्याची आठवण देते. म्हणजे दूध तुटलेले मूल सुमारे आपल्या या हट्टी मुलांच्याच वयाचे! त्याने दुधासाठी किती रात्री आकांत केला असेल, आणि आईने न देताही त्याला किती वेळ जवळ धरले असेल. स्तोत्रातली शांती त्यानंतरची आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. रडता रडता काही मुले श्वास धरतात, निळी पडतात, क्षणभर शुद्धही हरपते. घाबरून त्यांना गदागदा हलवू नये. कुशीवर निजवावे, श्वास आपोआप परत येतो. पण डॉक्टरांना जरूर दाखवावे, कारण पुष्कळदा अशा मुलांमध्ये लोहाची कमतरता आढळते. चार वर्षांनंतरही रोज आकांत होत असेल, मूल स्वतःला इजा करत असेल किंवा येत असलेले शब्द हरवत असतील, तर 'हट्टी आहे' म्हणून थांबू नये.

आणि चर्चमध्ये? मिस्सेत मूल रडले की मागे वळणाऱ्या नजरांमुळे काही आया दोन-दोन वर्षे व्हरांड्यातूनच मिस्सा ऐकतात, काही येणेच सोडतात. चर्चमध्ये मूल रडले म्हणून त्याला बाहेर न्यायला सांगितलेले पोप फ्रान्सिस यांना आवडत नसे. २०१४ च्या डिसेंबरात रोममधील एका धर्मग्रामात त्यांनी ते उघड बोलून दाखवले होते. पुढच्या रविवारी आपल्या पुढच्या बाकावर असे मूल असेल, तर त्याच्या आईची पिशवी तेवढी धरा, किंवा त्याच्या थोरल्या भावंडाला आपल्या शेजारी बसवून घ्या.