एक नंबरचा बावटा

बंदरांत वादळाची सूचना देण्यासाठीं जे बावटे लावतात त्यांना नंबर असतात, हें बहुतेक वाचकांस वर्तमानपत्रांवरून ठाऊक असेल. या अकरा इशाऱ्यांपैकीं पहिल्याचा अर्थ मोठा चमत्कारिक आहे. दूर समुद्रांत हवेचा दाब उतरला आहे, त्यांतून कदाचित् वादळ उठेल, कदाचित् उठणार नाहीं, बंदराला तूर्त धोका नाहीं. एवढेंच तो सांगतो. तो लागतो त्या वेळीं आकाश पुष्कळदां निरभ्र असतें आणि धक्क्यावरचा मनुष्य वर पाहून हंसतो. अशा या 'कदाचित्' ला नीतिशास्त्रांत कोणतें स्थान द्यावें? खरें बोलावें, खोटें बोलूं नये, हें आपण बाळपणींच शिकतों. परंतु जें खरें ठरेल कीं नाहीं हें बोलणारालाच ठाऊक नाहीं तें बोलावें काय, आणि बोलल्यावर तें घडलें नाहीं तर दोष कोणाचा, याविषयीं तो बाळपणींचा धडा गप्प आहे.

हा संशय शास्त्रज्ञांच्या आळसामुळें उरतो असें मात्र कोणी समजूं नये. समुद्राचें पाणी सुमारें साडेसव्वीस अंशांहून अधिक तापलेलें असावें, हवा बऱ्याच उंचीपर्यंत दमट असावी, खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत नसावी, इतकें सारें जुळून आलें म्हणजे कमी दाबाच्या क्षेत्राचा अवदाब होतो. आणि वाऱ्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटरांवर गेला म्हणजे त्यास चक्रीवादळ हें नांव मिळतें. यांतलें एखादें अंग लंगडें पडलें कीं सारा पसारा दोन दिवसांत विरूनही जातो. पुढची वाटही बव्हंशीं त्याच्या हातीं नसते. भोंवतालचे उंचावरचे वारे त्यास वाहून नेतात, आणि ते वारे दुबळे असले म्हणजे वादळ चौरस्त्यावर आलेल्या परक्या वाटसरूप्रमाणें घुटमळूं लागतें. जून २०१९ मध्यें 'वायु' वादळ गुजरातेवर आदळणार म्हणून सुमारें तीन लक्ष माणसें घरांतून हलविण्यांत आलीं; वादळ किनाऱ्याजवळ येऊन पश्चिमेस वळलें. याच्या अगदीं उलट २०१७ च्या नोव्हेंबर अखेरचें 'ओखी'. तें कन्याकुमारीजवळच्या समुद्रांत इतक्या झपाट्यानें बळावलें कीं अवदाबाचें वादळ व्हावयास एक दिवसच लागला. आणि केरळ व तमिळनाडूचे जे कोळी अनेक दिवसांचा शिधा घेऊन अगोदरच दूर गेले होते त्यांच्यापैकीं कित्येकांस त्याची वार्ताही मिळाली नाहीं. शेंकडों माणसें परत आलीं नाहींत. एकीकडे इशारा आला व वादळ आलें नाहीं. दुसरीकडे वादळ आलें व इशारा वेळेवर पोंचला नाहीं. या दोहोंस एकाच तराजूंत घालणें शक्य आहे काय?

हा वाद जुना आहे. ज्या 'बीगल' जहाजावरून डार्विननें पृथ्वीप्रदक्षिणा केली त्याचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय हा पुढें इंग्लंडांतील हवामान-खात्याचा पहिला प्रमुख झाला. १८५९ सालीं 'रॉयल चार्टर' हें जहाज वेल्सच्या किनाऱ्याशीं वादळांत फुटून चारशेंहून अधिक माणसें बुडालीं, तेव्हांपासून त्यानें ध्यास घेतला. आणि १८६१ पासून तारायंत्राच्या साह्यानें बंदरोबंदरीं वादळाचे इशारे धाडण्यास आरंभ केला. त्याचीं भाकितें कधीं कधीं चुकत, आणि चुकलीं म्हणजे त्यांची थट्टा होई. १८६५ सालीं त्यानें आपल्याच हातानें आपलें आयुष्य संपविलें. त्याच्यामागून विद्वानांची एक समिति बसली. ज्या विद्येचे नियम अद्याप सिद्ध नाहींत तिच्या जोरावर लोकांस इशारे देणें शास्त्रास शोभत नाहीं, अशा विचारानें १८६६ च्या अखेरीस ते बंद झाले. मौज ही कीं, ते पुन्हां सुरू करा म्हणून ओरड झाली ती बंदरांतून, दर्यावर्दी लोकांकडून. आणि १८६७ मध्यें ते सुरू करावे लागले. विद्वानांस आपल्या शब्दाची अब्रू संभाळावयाची होती, खलाशांस जीव. विद्वानांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु जो प्रामाणिकपणा दुसऱ्याच्या जिवाच्या मोलानें राखला जातो त्यास आम्ही सोंवळें म्हणूं, सत्यनिष्ठा म्हणणार नाहीं. आमच्या बंदरांतील इशाऱ्यांची यादी करणाराला हें मर्म कळलें होतें असें दिसतें. तींतला दहावा इशारा अतिभयंकर वादळाचा आहे. अकरावा त्याहून मोठ्या वादळाचा असेल अशी कोणाचीही कल्पना होईल. पण सूचना-केंद्राशीं दळणवळण तुटलें आहे व हवा बिघडण्याचें भय वाटतें, इतकाच त्याचा अर्थ.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट या प्रसंगीं हटकून सांगण्यांत येते. इशारे वारंवार फुकट गेले तर खऱ्या वेळीं कोणी धांवणार नाहीं, हें तिचें तात्पर्य व्यवहारांत खोटें नाहीं. परंतु गोष्टींतल्या पोराला लांडगा नाहीं हें पक्कें ठाऊक होतें. झुडूप हललेलें पाहून त्यानें हांक मारली असती आणि आंतून कुत्रें निघालें असतें, तर गांवकऱ्यांस चिडण्याचा काय अधिकार होता? शिवाय, लांडगा आलाच नाहीं असें म्हणणारा बहुधा आपल्या अंगणापुरतें पाहतो. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळाची भीति मुंबईनें दिवसभर वागविली आणि संध्याकाळीं शहर बव्हंशीं सुखरूप राहिलेलें पाहून, उगीच घाबरविलें, असा सूर निघाला. हरिहरेश्वरापासून दमणपर्यंतच्या पट्ट्यांत, बहुधा अलिबागेजवळ, वादळ येईल असें खात्यानें सांगितलें होतें. तें त्या पट्ट्यांतच आलें. त्याच दिवशीं श्रीवर्धन-दिवेआगराकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ फळावयास पांच-सात वर्षें लागतात, हें ज्यांनीं सुपारी फक्त तबकांत पाहिली आहे त्यांस सांगितलेलें बरें.

तेव्हां बोलणाराचें कर्तव्य आम्हांस फारसें अवघड दिसत नाहीं. जेवढें ठाऊक आहे तेवढें सांगावें, आणि किती ठाऊक नाहीं तेंही त्याच दमांत सांगावें. हवामान-खातें हल्लीं वादळाच्या संभाव्य मार्गाभोंवतीं पुढें पुढें रुंदावत जाणारा पट्टा नकाशावर काढतें, तें याच न्यायानें. अवघड आहे तें ऐकणाराचें. कारण संशयाची किंमत सर्वांस सारखी पडत नाहीं. आपल्यासारख्या पांढरपेशा घरांत वादळाचा इशारा म्हणजे एक दिवसाची सुटी, बंद खिडक्या, आणि, खोटें कशाला बोला, कांद्याचीं भजीं. मासेमारीच्या नौकेवर डिझेल भरलेलें असतें, बर्फ घेतलेला असतो, खलाशांस उचल दिलेली असते. बावटा लागला म्हणजे तांडेलानें माघारी फिरावयाचें, बर्फ वितळूं द्यावयाचा, आणि उचलीचा आंकडा वहींत तसाच राहूं द्यावयाचा. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, ऐन हंगामांत, 'क्यार' व 'महा' हीं वादळें पाठोपाठ अरबी समुद्रांत उठलीं. दोहोंपैकीं एकही महाराष्ट्राच्या भूमीवर चढलें नाहीं. पण कोंकणांतील नौकांचे कित्येक दिवस बंदरांत गेले. अशा दिवशीं 'जाऊन येऊं, कांहीं होत नाहीं' असें म्हणणारास अडाणी ठरविणें सोपें आहे. हिशेब त्यानेंही केलेला असतो. त्यांत घरीं बसण्याची किंमत धरलेली असते, आणि आपल्या हिशेबांत ती रकमच नसते.

निदान तो हिशेब त्याचा स्वतःचा असतो. मे २०२१ मध्यें 'तौक्ते' वादळाचे इशारे कांहीं दिवस आधींपासून दिले जात होते. तरी बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रांत 'पी-३०५' हा कामगारांच्या वस्तीचा तराफा अडीचशेंवर माणसांसह समुद्रांतच राहिला व १७ मे रोजीं बुडाला; सत्तरांहून अधिक माणसें गेलीं. राहावें कीं परतावें हें ठरविणें तेथल्या साध्या कामगाराच्या हातीं नव्हतें. स्वतःच्या जिवाशीं जुगार खेळणारास फार तर अविचारी म्हणतां येईल. दुसऱ्याच्या जिवाच्या बाबतींत 'कदाचित्' चा अर्थ 'बहुधा नाहीं' असा लावून घेण्याचा अधिकार कोणासही आहे, हें आम्हांस मान्य नाहीं.

आणि कोळ्यानें बावटा मानावा अशी समाजाची इच्छा असेल, तर बावट्याच्या दिवसाचा भार एकट्या कोळ्यावर टाकणें न्यायाचें नाहीं. 'क्यार' व 'महा' च्या नुकसानीबद्दल राज्य सरकारनें २०२० मध्यें मच्छीमारांस विशेष मदत जाहीर केली, हें चांगलें झालें. परंतु मागाहून मिळणारी मदत त्या दिवशीं जेटीवर उभ्या असलेल्या तांडेलाच्या मनांत नसते. बुडालेली मजुरी भरून येणार हें ज्यास आधींच ठाऊक असेल त्याचा निर्णय निराळा होईल. यावर कोणी म्हणेल, अशानें आळस माजेल. थोडा माजेलही. परंतु घर जळालें नाहीं म्हणून विम्याचा हप्ता फुकट गेला असें आपण म्हणत नाहीं, आणि कोळ्याच्या चार दिवसांच्या मजुरीच्या वेळींच आपणांस आळसाची आठवण व्हावी, याचें आम्हांस नवल वाटतें. बावटा कोणत्या दिवशीं लागला व कोणत्या दिवशीं उतरला हें बंदरावर ठाऊक असतेंच, आणि त्या दिवसांत किती नौका बांधून होत्या हें कोणासही मोजतां येईल.