निवण्याची वेळ

गोव्याहून अनमोड घाट चढून धारवाडकडे येणारी मोटार तापून माथ्यावर थांबली, की नवखा मनुष्य प्रथम रेडिएटरचे झाकण उघडू पाहतो. जाणता चालक त्याचा हात धरतो. आतील पाणी दाबामुळे १०० अंशांपलीकडे जाऊनही उकळत नाही. दाब सुटताच त्याची वाफ होऊन तोंडावर उसळते. इंजिन एकाएकी बंद करणेही नेहमीच हिताचे नसते: बहुतेक मोटारींत त्याबरोबर पंपही थांबतो आणि लोखंडातील उष्णता स्थिर पाण्यात उतरत राहते. म्हणून ४०२ मीटरांच्या वेगशर्यतीत दोन धावांच्या मध्यंतरी इंजिन थांबवून विजेवरचा पंप व पंखा चालू ठेवतात.

संतापाचेही असेच नाही काय? घराच्या वाटणीवरून हुबळीस भाऊ तापला असता मी त्याच रात्री खुलासा मागितला. त्यास मी सत्यनिष्ठा समजत होतो. वस्तुतः ते झाकण उघडणे होते. पुढे अबोला धरला. तो पंप बंद करणे होते. वाद थांबवावा, परंतु विचारपूस थांबवू नये, हे उमगेपर्यंत दहा वर्षे गेली. खुलासा अजून झालेला नाही. पण येत्या गणेशचतुर्थीस मी त्यास जेवावयास बोलाविले आहे.