न पाहता सोडलेला बाण

वाल्मीकि-रामायणाच्या अयोध्याकांडात, श्रीराम वनात गेल्यानंतरच्या सहाव्या रात्री, महाराज दशरथांना आपले एक जुने दुष्कृत्य आठवते व ते कौसल्यादेवींना सांगतात. ते घडले तेव्हा त्यांचा विवाह झालेला नव्हता. दशरथ युवराज होते. वर्षाऋतू, शरयूचा तीर आणि दाट काळोख. रात्री पाण्यावर येणारा महिष, हत्ती अथवा अन्य श्वापद मारावे म्हणून ते धनुष्य घेऊन गेले होते. पाण्यात घट भरल्याचा ध्वनी कानी आला. तो हत्तीचाच, असे मानून त्यांनी बाण सोडला. उत्तरादाखल मनुष्याचा आक्रोश ऐकू आला. वृद्ध व अंध माता-पित्यांसाठी पाणी नेण्यास आलेला तो तपस्वी कुमार होता. (लोकपरंपरा त्याला श्रावण म्हणते, वाल्मीकींनी त्याचे नाव सांगितलेले नाही.)

ही कथा घरोघरी मातृपितृभक्तीसाठी सांगितली जाते व ते योग्यच आहे. परंतु दशरथ ती निराळ्याच कारणासाठी सांगत आहेत. कर्माचा आरंभ करतानाच त्याच्या फळाचे गौरव-लाघव जो जाणत नाही तो बालबुद्धी होय, ही त्यांची प्रस्तावना आहे. आम्रवन तोडून पळसाला पाणी घालणाऱ्या मूढाचा दृष्टान्त ते देतात आणि तो मूढ आपणच, असे सुचवतात.

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी तामस कर्माचे जे लक्षण केले आहे, त्याच्याशी हे तंतोतंत जुळते. अनुबंध म्हणजे कर्मामागून येणारा परिणाम, क्षय म्हणजे हानी, हिंसा म्हणजे प्राण्यांना होणारी पीडा आणि पौरुष म्हणजे स्वतःचे सामर्थ्य. या चारांची अपेक्षा न करता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. येथील ‘अपेक्षा’ शब्दात ईक्ष् धातू आहे, आणि त्याचा मूळ अर्थ पाहणे असाच होतो. शस्त्र हाती घेणाऱ्याला हा अर्थ शब्दशः लागू पडतो. ज्याने पाहिले नाही, त्याने अपेक्षा केली नाही.

येथे कोणी शंका घेतील. त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की ज्याला अहंभाव नाही व ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, तो मारूनही मारीत नाही. दशरथांचा मुनिकुमाराला मारण्याचा हेतू नव्हता. मग दोष कोणता? समाधान असे की हेतूचा अभाव निराळा आणि अहंकाराचा अभाव निराळा. दशरथांना शब्दवेधी म्हणून कीर्ती मिळालेली होती, हे ते स्वतःच सांगतात. अंधारात केवळ नादावर बाण सोडण्याचे धाडस त्या कीर्तीतून आले. कान ध्वनी सांगतो; ध्वनी कोणाचा, हे अनुमान आहे. अनुमानालाच प्रत्यक्ष मानले, तेथे अनर्थ झाला. प्रभासक्षेत्री जरा नामक व्याधाने भगवान श्रीकृष्णांच्या चरणाला मृग समजून बाण मारला. त्याने तर काही पाहिलेही होते, पण अर्धेच!

मनूने मृगयेची गणना कामज व्यसनांत, त्यांतही अत्यंत कष्टकारक अशा चारांत केली आहे. आपल्या देशात वन्यप्राण्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध झाली. तथापि काही राज्यांत पिके नासवणाऱ्या रानडुकरांना मारण्याची अनुमती रीतसर मिळते. शिवाय अनुमतीवाचूनही रात्री ठासणीच्या बंदुका निघतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. उभ्या पिकात खसखस होते, माळ्यावरून बार सुटतो, आणि पडलेला असतो तो दुसऱ्या बाजूने राखणीला आलेला भाऊ किंवा शेजारी. शरयूतीरी घडले तेच हे.

म्हणून ज्याच्या हाती कायद्याने बंदूक आहे, त्या गृहस्थाने काही गोष्टी व्रताप्रमाणे पाळाव्यात. प्राणी संपूर्ण व स्पष्ट ओळखल्याशिवाय चापावर बोट जाऊ नये. आवाज, हालचाल, चमकणारे डोळे हे लक्ष्य नव्हे. बंदूक भरलेलीच आहे असे सदैव मानावे आणि नळी कोणाकडेही वळू देऊ नये. कुंपण ओलांडताना, माळ्यावर चढताना ती रिकामी करावी. सोबती कोठे आहेत हे आधी ठरवावे, आणि कोणीही न सांगता जागा सोडू नये. लक्ष्यामागे काय आहे तेही पाहावे. हाच अनुबंध.

या शेवटच्या गोष्टीचे उदाहरण दूरचे आहे. ११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात तेथील तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी पक्ष्यांच्या शिकारीस गेले होते. उडत्या पक्ष्यामागे वळता वळता त्यांनी गोळी झाडली आणि तिचे छर्रे त्यांच्याच सोबत्याच्या तोंडावर व छातीवर बसले. त्या वेळी उजेड होता. सोबत्याच्या अंगावर दुरून दिसावे म्हणून नारिंगी वस्त्रही होते. शिकारी नवखा नव्हता. दृष्टी मात्र पक्ष्यावर खिळलेली होती. सोबती वाचला, हे सुदैव.

अनर्थ घडल्यावर दशरथ काय करतात, हेही विसरता येत नाही. काळोख होता, साक्षीदार कोणी नव्हता आणि ते राजपुत्र होते. निघून जाणे सोपे होते. ते आवाजाच्या दिशेने धावले, कुमाराचे बोलणे ऐकले, घट भरून घेतला आणि त्याने दाखवलेल्या पायवाटेने आश्रमात जाऊन स्वतःच्या तोंडाने सर्व सांगितले. आज कारवाईच्या भयाने जखमीला रानात टाकून पळणारे या ठिकाणी त्यांच्याहून फार खाली उतरतात. वेळेवर रुग्णालयात नेल्याने वाचला असता असा जीवही त्यामुळे जाऊ शकतो. त्या अंध पित्याने दशरथांना स्पष्ट सांगितले की हे तू स्वतः येऊन सांगितले नसतेस, तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती. अजाणता केलेस म्हणून जिवंत आहेस. आणि तरीही पुत्रशोकाने मरण येण्याचा शाप त्याने दिलाच. कौसल्येला हे सांगता सांगता त्याच रात्री दशरथांचे प्राण गेले.