बायोडिझेलचा फरक कोण भरतो?

२००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या बियांपासून बायोडिझेल बनवण्याचा आराखडा मांडला, तेव्हा हिशेब अगदी सोपा दिसत होता. देशात पडीक जमीन भरपूर आहे, एरंडाला पाणी लागत नाही, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. मग एक कोटी हेक्टरांहून जास्त जमिनीवर तो लावायचा आणि २०११-१२पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळायचं. डिझेल यापुढे आखातातून न येता आपल्या परसातून येईल, अशा अर्थाच्या घोषणा छत्तीसगडमध्ये भिंतींवर रंगल्या. पुढे त्याचं अक्षरशः एरंडाचं गुऱ्हाळ झालं. असं का झालं याची उत्तरं कृषी विद्यापीठांकडे आहेत, पण मला त्यातला भावाचा भाग जास्त बोलका वाटतो.

१ जानेवारी २००६पासून तेल कंपन्या बायोडिझेल २५ रुपये लिटरने घेणार, असं सरकारने जाहीर केलं. एक लिटर तेलाला साधारण साडेतीन ते चार किलो बी लागतं. किलोला सहा रुपये धरले, तरी २१ ते २४ रुपये नुसत्या बियांवर खर्च झाले. उरलेल्या एक ते चार रुपयांत घाणा, रसायनं, वाहतूक आणि नफा बसवायचा! शिवाय एरंडाची फळं एकदम पिकत नाहीत. पुन्हा पुन्हा फिरून हाताने तोडावी लागतात. त्या मजुरीचा हिशेब सहा रुपयांत कुठे होता? शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड विकून चार पैसे मिळतात, मोगली एरंडाची पेंड विषारी, गुरांपुढे टाकता येत नाही. आणि ज्या पडीक जमिनीच्या भरवशावर हे सगळं रचलं होतं, तिथे पीकही पडीक जमिनीसारखंच आलं. ठरवलेल्या भावाला तेल आलंच नाही, यात नवल कसलं?

बायोडिझेल महाग आहे म्हटलं की लोकांना वाटतं, तंत्र अवघड असेल किंवा कारखाने लहान असतील. कारखाने लहान आहेत हे खरंच. जामनगरला दिवसाला बारा लाख पिंपांहून जास्त कच्चं तेल शुद्ध होतं. त्या प्रमाणाशी कुठलाही बायोडिझेलवाला बरोबरी करू शकत नाही. पण तंत्र साधं आहे. शंभर किलो तेलात दहा-अकरा किलो मेथॅनॉल आणि थोडा अल्कली घालायचा, की जवळपास शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन वेगळं होतं. (आपल्याकडचं बहुतेक मेथॅनॉल आयात होतं, तेही मुख्यतः आखाती देशांतून. घोषणा रंगवणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नसावं.) खर्चाचा सत्तर-ऐंशी टक्के वाटा मूळ तेलाचाच असतो. कच्चं खनिज तेल तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागली, त्याचं बिल कुणी लावत नाही. आपण ते उपसण्याचे आणि गाळण्याचे पैसे देतो. वनस्पती तेलाला मात्र जमीन, पाऊस, मजुरी आणि एक अख्खा हंगाम लागतो. एवढं करून लिटरमागे ऊर्जा सुमारे आठ टक्के कमीच मिळते.

आणि मोगली एरंडासारखे अपवाद सोडले, तर हे तेल माणसं खातात. देशाला वर्षाला जवळजवळ नऊ कोटी टन डिझेल लागतं, खाद्यतेल दीड कोटी टनांच्या आसपास आयात करावं लागतं. ते सगळं आयात तेल टाकीत ओतलं, तरी डिझेलचा सहावा हिस्साच भागेल. इंडोनेशियाकडे पाम तेल मुबलक आहे, म्हणून तिथे डिझेलमध्ये आधी ३०, मग ३५ आणि आता ४० टक्के मिश्रणाची सक्ती झाली. पण तिथेही बायोडिझेल स्वस्त झालेलं नाही. पाम तेलाच्या निर्यातीवर अधिभार लावून भावातला फरक भरला जातो. निर्यातीला कमी तेल उरतं, जागतिक भाव चढतो आणि त्याची झळ पाम तेल विकत घेणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरालाही लागते. अमेरिकेत हाच फरक करसवलतीच्या रूपाने सरकारी तिजोरीने उचलला. फरक कुठेच नाहीसा होत नाही, कुणाच्या तरी खिशातून जातो. आपण २००६ साली तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून काढू पाहिला आणि त्याने साहजिकच पाठ फिरवली.

आता भिस्त तळणाच्या तेलावर आहे. कल्पना मला पटते: हॉटेलं आणि फरसाण कारखान्यांतलं जळकं तेल पुन्हा कढईत जाण्यापेक्षा इंजिनात गेलेलं बरं. पण तेही फुकट मिळत नाही. मोठ्या कढईतलं तेल गाडीवाले विकत घेतात, बायोडिझेलवाल्याला त्यांच्यापेक्षा जास्त भाव द्यावा लागतो, वर दारोदार डबे गोळा करायचे. आम्लता वाढलेल्या अशा तेलाचा अल्कलीशी साबण होऊ लागतो, म्हणून आधी त्याची आम्लता उतरवावी लागते. ऑगस्ट २०१९मध्ये तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला ५१ रुपये भाव देऊ केला. पंपावर डिझेल पासष्ट-सत्तर रुपये होतं, त्यामुळे ५१ स्वस्त वाटतात. पण कर आणि कमिशन वजा केल्यावर डिझेल चाळिशीच्या आसपास होतं. तुलना या दोन आकड्यांची करायला हवी.

२०२०-२१च्या सुमारास गुजरातेत आणि महाराष्ट्रात महामार्गांवर ‘बायोडिझेल’ डिझेलपेक्षा स्वस्त विकलं जाऊ लागलं, त्याचं रहस्य या करांतच आहे. त्यातलं बरंचसं बायोडिझेल नव्हतंच. औद्योगिक तेलं डिझेलचे कर चुकवून ट्रकांत भरली जात होती. धाडी पडल्या, टाक्या सील झाल्या. खऱ्या बायोडिझेलला तो भाव परवडणं शक्यच नव्हतं.

२०१८च्या जैवइंधन धोरणात २०३०पर्यंत पाच टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात आपण अजून एका टक्क्याच्याही अलीकडे आहोत. माझं म्हणणं एवढंच की भाव ठरवताना फरक लपवू नये. तो लिटरमागे ३० रुपये धरला, तरी पाच टक्के मिश्रणाने पंपावरचं डिझेल दीड रुपयाने महागेल. हा दीड रुपया डिझेल जाळणाऱ्यानेच द्यावा, आणि तो पावतीवर वेगळा छापलेला असावा.