पाण्याच्या आकड्याची वाट

चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे, खडकातून उतरलेलं. मुलांच्या दातांवर डाग पडतात. तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की सांधे आखडतात. या पाण्याला ना वास, ना रंग. म्हणून हातपंपाचं पाणी प्यावं की नाही, हे गावाला एका आकड्यावरूनच कळतं. 2012 च्या भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. अहवालात 1.4 आलं तर पंप चालू राहू शकतो, 1.6 आलं की पाण्याची दुसरी सोय पाहावी लागते. एवढं ज्यावर अवलंबून आहे तो आकडा कसा निघाला, हे गावाने विचारलं तर पायरी-पायरीने दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर लागतं, असं माझं म्हणणं आहे.

फ्लोराइड मोजण्याची एक रूढ पद्धत रंगावर चालते. झिर्कोनियम आणि स्पॅडन्स नावाचं रंगद्रव्य यांचं लाल द्रावण नमुन्यात घालतात. फ्लोराइड झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेतं आणि रंग फिका पडतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर त्यातून 570 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतो आणि किती शोषला गेला ते सांगतो. यंत्राचं काम तिथे संपतं. फ्लोराइडचं प्रमाण माहीत असलेल्या द्रावणांची शोषणं घेऊन एक रेषा काढायची, नमुन्याचं शोषण त्या रेषेवर बसवायचं, तेव्हा कुठे मिलिग्रॅम हाती येतात.

ही रेषा साधारण 1.4 मिलिग्रॅमपर्यंतच काढलेली असते. म्हणजे 1.5 ची मर्यादा येण्याआधीच पद्धतीची हद्द संपते! त्यापुढचा नमुना शुद्ध पाण्याने पातळ करून मोजायचा आणि उत्तर तितक्या पटीने वाढवायचं. ती पट लिहून ठेवली नसेल, किंवा कोणी रेषाच पुढे ओढून उत्तर काढलं असेल, तर मागाहून ते ओळखायला काही साधन उरत नाही.

याहून मोठी अडचण तुरटीची. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विकसित केलेलं नालगोंडा तंत्र तुरटी आणि चुना घालून पाण्यातलं फ्लोराइड कमी करतं. तुरटीतलं थोडं ॲल्युमिनियम पाण्यात मागे राहू शकतं, आणि हेच ॲल्युमिनियम रंगपद्धतीत फ्लोराइडचा आकडा खाली आणतं. द्रावण घातल्याबरोबर वाचन घेतलं तर लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम ॲल्युमिनियमनेही फरक पडतो. दोन तास थांबून घेतलं तर 3 मिलिग्रॅमपर्यंत चालून जातं. नमुन्याचं आधी ऊर्ध्वपातन केलं तर हा अडथळा टळतो. यातलं काय केलं आणि वाचन किती वाजता घेतलं, हे एका ओळीच्या अहवालातून कसं कळणार? ज्या गावात पाणी शुद्ध करून देतात, तिथेच खोटा दिलासा मिळण्याची ही जागा आहे.

यंत्रासोबत येणाऱ्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये हा हिशोब आत होतो आणि बाहेर फक्त उत्तर येतं. फाइल उघडायलाही अनेकदा त्याच कंपनीचा परवाना लागतो. पायथन किंवा आर या मुक्त भाषांत तोच हिशोब थोड्याशा ओळींत लिहिता येतो: प्रमाण द्रावणांची वाचनं, रेषा, पातळ केल्याची पट, उत्तरातल्या त्रुटीची व्याप्ती. वर्णपटांसाठी क्वासारसारखं चित्रमय मुक्त साधनही आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प अशा साधनांचा प्रसार करतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही ऐकता येतात. गोंडवाना विद्यापीठ 2011 पासून चंद्रपूर आणि शेजारच्या गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांसाठी आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्याच तालुक्याच्या पाण्याचा हिशोब पुन्हा करून पाहावा, याहून चांगलं प्रात्यक्षिक मला सुचत नाही.

आकडे उघडे केले तर लोक घाबरतील, असं अधिकारी म्हणतात. गडचिरोलीचा अनुभव मला वेगळं सांगतो. तिथल्या सर्च या संस्थेच्या पुढाकाराने 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. सरकारी नोंदींतून निसटलेले बालमृत्यू गावोगाव मोजल्याने उजेडात आले, आणि शासनाला उत्तर द्यावं लागलं. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने तर आधी अभ्यासगट बसवले, मग निर्णय घेतले. 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला त्यामागे ही सवय होती. अशा गावाला शोषणाची रेषा समजणार नाही, असं मानायला मी तयार नाही.

नमुनाच घाणेरड्या बाटलीत घेतला असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर त्याला वाचवू शकत नाही, हे खरंच. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या प्रयोगशाळा सहायकावर आणखी एक नोंदवही लादण्यातही अर्थ नाही. पण यंत्राने घेतलेलं वाचन, वेळ आणि पट एका साध्या सीएसव्ही फाइलमध्ये आपोआप उतरवून घेणं अवघड नाही. उद्या एखाद्या वर्षीच्या द्रावणात दोष निघाला, तर त्या फाइलींवरून त्या वर्षीच्या सगळ्या गावांचा हिशोब दुरुस्त करता येईल. कच्ची वाचनं जपली नसतील तर प्रत्येक पंपाचा नमुना पुन्हा घ्यावा लागेल, आणि लोक त्या वर्षी नेमकं काय पीत होते ते त्यातूनही कळणार नाही.