तेल उसने मिळत नाही



आजच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दाखला आपल्याला पाठ आहे. तरी एक शंका मनात राहते, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले ती मोकळेपणाने विचारतात: शहाण्या मुलींनी आपल्यातले थोडे तेल दिले असते तर काय बिघडले असते? एरवी प्रभू येशू मागणाऱ्याला देण्यास सांगतो. मग इथे नकार देणाऱ्या शहाण्या कशा?

आम्हाला वाटते, काही गोष्टी द्यायची इच्छा असूनही ऐनवेळी देता येत नाहीत. हाताला लागलेली सवय ही त्यांपैकी एक. जपानच्या लोकांनी हे फार मोठी किंमत देऊन ओळखले.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना टोकियो आणि योकोहामाची जमीन हादरली. घरोघरी जेवणाची तयारी चालली होती, शेगड्या पेटलेल्या होत्या. लाकडी घरे त्या निखाऱ्यांवरच कोसळली. त्यात देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याजवळ टायफून, म्हणजे तिकडचे चक्रीवादळ, घोंघावत होते. त्याच्या वाऱ्याने आग गल्लीगल्लीतून पळत सुटली. मृत व बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ५ हजार माणसे गेली, त्यांतील बहुतेक आगीत. होंजो भागात लष्करी कपड्यांच्या जुन्या कोठाराचे मोठे मोकळे मैदान होते. जीव वाचवायला लोक तिथे जमले, पण येताना गाद्या, पेट्या, कपडालत्ता सगळे घेऊन आले. ठिणग्या त्या सामानावर पडल्या आणि एकट्या त्या मैदानात सुमारे ३८ हजार जण जळून मेले. पुढच्या दिवसांत अफवा उठल्या आणि जमावांनी निरपराध कोरियन लोकांची कत्तल केली. जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, असे म्हणून आपण आपली सुटका करून घेतो. त्यांनी हे दिवस आठवावेत.

१९६० पासून १ सप्टेंबर हा दिवस तिथे आपत्ती-निवारण दिन म्हणून पाळला जातो. शाळांत, वस्त्यांत कवायती होतात. त्याच होंजो भागात टोकियोच्या अग्निशमन दलाचे एक शिक्षण केंद्र आहे. तिथे भाषणापेक्षा अंगमेहनत जास्त. एका हलत्या खोलीत माणसांना बसवून मोठ्या भूकंपाएवढे हादरे देतात. टेबलाखाली शिरायचे, डोके झाकायचे, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. पूर्वी सांगत, आधी चूल विझवा. आता सांगतात, आधी स्वतःला सांभाळा, हादरे थांबले की मग विस्तव बघा, कारण घरगुती गॅसचे मीटर मोठ्या धक्क्याला आपोआप बंद होतात. दुसऱ्या दालनात निरुपद्रवी धूर भरलेला असतो. तिथून वाकून, भिंतीला हात लावत बाहेर पडायचे. पडद्यावर आग दिसते, तिच्यावर हातातल्या नळकांड्यातून पाणी मारायचे. वादळाचा वारा आणि पाऊस अंगावर घ्यायचा. पलीकडे पाणी तुंबल्यावर दार उघडायला किती जोर लागतो, तेही स्वतः ढकलून बघायचे. शाळेतली पोरे येतात, आजी-आजोबाही येतात.

सद्गुण ऐकून येत नाही, करून येतो, हे ॲरिस्टॉटल सांगून गेला. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यात भर घातली की दूरदृष्टी हा सुज्ञतेचा प्रमुख भाग आहे. तेव्हा "देव आहे ना, तो बघून घेईल" असे कोणी म्हणाले की आम्ही जरा अस्वस्थ होतो. देव बघतोच. पण त्याने दिलेली बुद्धी आणि दोन हात रिकामे ठेवायचे आणि भार त्याच्यावर टाकायचा, ह्याला श्रद्धा म्हणायचे की आळस?

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहरात भूकंप झाला. सहा हजारांवर माणसे गेली, बहुसंख्य कोसळलेल्या घरांखाली आणि कपाटांखाली चिरडून. ढिगाऱ्यातून जे जिवंत निघाले, त्यांतील बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच ओढून काढले. बंब आणि पथके सगळीकडे एकाच वेळी पोचू शकत नाहीत. तिथले ताकातोरीचे कॅथॉलिक चर्च आगीत जळाले. मग त्याच्याच आवारात मदतीचे केंद्र उभे राहिले, आणि शिगेरू बान ह्या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून स्वयंसेवकांनी जाड कागदी नळ्यांचे देऊळ उभारले. ज्यांना शेजाऱ्याच्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपते हे ठाऊक होते, त्यांनी नेमके तिथेच खणले. शेजारप्रीती म्हणजे हेसुद्धा.

आपल्याकडे भूकंप ही दूरची गोष्ट नाही. ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी मोठ्यांना आठवते. झोपेतल्या माणसांवर दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे कोसळली. आपल्याच पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडच्या कुटुंबांनी धक्क्यांच्या भीतीने थंडीत रात्री घराबाहेर काढल्या. मे २०२१ चे तौक्ते वादळ तर आपल्या केळीच्या बागांनी पाहिले आहे. आणि आग? ती रोज आपल्या ओट्यावर असते. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतायचे नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचे. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या. हे वाचून सगळे माना डोलावतील. पण मध्यरात्री घाबरलेला हात काय करील, ते वाचून ठरत नाही.

म्हणून पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या मागच्या पटांगणात अग्निशमन दलाचे जवान येणार आहेत. प्रत्येक घरातून किमान दोघांनी यावे. त्यांपैकी एक स्वयंपाकघरात रोज वावरणारे असावे, नुसते घरातील कर्ते पुरुष नकोत. नळकांडे प्रत्येकाने स्वतः हातात घ्यायचे आहे. त्याआधी ह्या आठवड्यात घरी दोन कामे करून या: पलंगाशेजारचे उंच कपाट भिंतीला पट्टीने जखडा, आणि आपल्या आळीत एकटे राहणारे वृद्ध कोण, त्यांची नावे व झोपण्याची खोली लिहून आणा. ज्यांना चालवत नाही त्यांना आणण्यासाठी युवक मंडळ रिक्षा पाठवील. शनिवारी संध्याकाळपर्यंत कार्यालयात कळवावे.

— आपले धर्मगुरू