दौलत, खासगी आणि तुळशीपत्र

मालमत्ता देवाला अर्पण केली म्हणजे ती कोणाची होते, हा प्रश्न पूर्वमीमांसकांनी फार पूर्वी निर्भीडपणे विचारला होता आणि त्याचे जे उत्तर शबरस्वामींनी दिले ते आजही भाविकाला पचणे कठीण आहे. देवाचे गाव, देवाचे शेत असे आपण म्हणतो ते केवळ उपचाराने म्हणतो. कारण ज्याला आपली वस्तू स्वेच्छेने वापरता येत नाही किंवा दुसऱ्याला देता येत नाही, तो तिचा स्वामी कसा, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. पुढे इंग्रजी अमलात न्यायालयांनी याच्या अगदी उलट टोक गाठले, आणि १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने तर देवमूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानून तिची इच्छा विचारात घेतली पाहिजे असे ठरवले. या दोन मतांमध्ये कोठेतरी सामान्य हिंदू माणूस उभा असतो. तो संकल्पाचे पाणी सोडतो आणि पुढचा विचार पुजाऱ्यावर व पंचांवर सोपवून घरी येतो.

हा वाद पोथीत वाचण्यापेक्षा पायी हिंडून पाहण्यासारखे शहर म्हणजे इंदूर. ज्या बाईने, म्हणजे अहिल्याबाई होळकरांनी, अख्खी दौलत शंकराच्या पायाशी वाहिली असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, तिचे नाव या शहराच्या विद्यापीठाला आहे, विमानतळाला आहे, आणि राजवाड्यासमोरच्या बागेत तिचा पुतळाही आहे. पण ती स्वतः राज्य करीत होती महेश्वरी, नर्मदेच्या काठी. इंदुराला राजधानीचा मान मिळाला तो तिच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, १८१८ साली मंदसोरचा तह झाल्यावर. राजवाडाही आज दिसतो तसा तिने पाहिलेला नाही. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, अशी ही सात मजल्यांची देवडी १८०१ साली सर्जेराव घाटग्याने जाळली, पुढे ती पुन्हा उभी राहिली, आणि १९८४ च्या दंगलीत मागचा भाग पुन्हा आगीत सापडला. सकाळी सातच्या सुमारास, समोरच्या दुकानांतून वाफेवरचे पोहे, शेव आणि जिरावण यांचा वास येत असताना, त्या लोखंडी खिळ्यांच्या भव्य दरवाज्यातून आत गेले की चौकापलीकडे मल्हारी मार्तंडाचे देवघर लागते. वाडा ज्यांचा होता त्यांचे राज्य विलीन झाले, वाड्याला पुन्हापुन्हा आग लागली, दरबार इतिहासजमा झाला. पण कुलदैवताची पूजा चालू आहे. वाड्याचा खरा धनी कोण, हे ठरवायला मला तरी याहून वेगळा पुरावा नको होता. तरी शबरस्वामी सहजासहजी हार मानणारे नव्हेत, म्हणून पुढे चालणे भाग होते.

होळकरांच्या कारभारात दोन खाती काटेकोरपणे वेगळी होती. एक दौलत, म्हणजे राज्याचा वसूल, फौजफाट्याचा आणि मुलकी कारभाराचा पैसा; दुसरी खासगी, म्हणजे घरच्या स्त्रियांकडे परंपरेने चालत आलेली जहागीर. १७३४ साली थोरल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना या खासगीची सनद दिली, आणि सासूच्या मागून ती अहिल्याबाईंकडे आली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती, १७६६ साली सासरे आणि १७६७ साली एकुलता एक पुत्र मालेराव, असे एकामागून एक सारे गेल्यावर तिच्या हाती उरले ते हे दोन खजिने आणि सगळ्यांचा डोळा असलेली एक गादी. तिने आपल्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून संकल्प सोडला आणि तो धर्मकार्याला दिला. आज्ञापत्रांवर आपल्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घातले. राघोबादादांनी पैसा मागितला तेव्हा, हा पैसा दान झालेला आहे, आपण ब्राह्मण आहात, मंत्र म्हणून दान घेत असाल तर अवश्य घ्यावे, असे तिने कळवल्याची गोष्ट सांगतात. पेशव्यांच्या घरातील पुरुषाला याचकाच्या रांगेत उभे करणारे हे उत्तर मोठे मार्मिक आहे. तितकेच ते राजकारणीही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग तुळशीपत्र ही भक्ती की मुत्सद्देगिरी? आमचे चरित्रकार पहिला शब्द घेतात, संशयवादी दुसरा. माझ्या मते दोघेही प्रश्न चुकीच्या जागी मांडतात. देवाला दिलेले द्रव्य लुटणे अवघड असते हे तिला ठाऊक होते. पण त्या संकल्पाने जेवढे हात राघोबांचे बांधले गेले त्याहून अधिक तिचे स्वतःचे बांधले गेले. आपल्याला खर्चता येणार नाही अशी अट स्वतःवर घालून मग काशीविश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, आणि कोठकोठल्या विहिरी, घाट, धर्मशाळा यांवर तो पैसा लावणे, आणि त्याबरोबरच रोज उघड्या दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी ऐकणे, ही दोन कामे एकाच व्यक्तीने केली. सर जॉन माल्कम हा काही होळकरांचा भाट नव्हे. महीदपुरावर त्यांचा पराभव करणाऱ्या इंग्रजांपैकी तो एक, आणि त्यानेही चौकशी करकरून तिच्या या रोजच्या दरबाराची साक्ष लिहून ठेवली आहे.

राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर इतवारिया बाजारात कांचमंदिर आहे. कापसाच्या व्यापारात आणि गिरण्यांत अमाप संपत्ती मिळवलेल्या सर सेठ हुकुमचंदांनी ते विसाव्या शतकाच्या आरंभी बांधले. भिंती, छत, खांब, इतकेच काय पायाखालची जमीनही काचेची. मध्ये दिगंबर तीर्थंकर, म्हणजे ज्याने अंगावरचे वस्त्रही आपले म्हणून ठेवले नाही असा पुरुष. आणि त्याच्याभोवती लखलखणाऱ्या तुकड्यांतून त्याचीच असंख्य प्रतिबिंबे. अपरिग्रहाच्या मूर्तीला एवढा परिग्रह कशाला, असे कोणी कुत्सितपणे म्हणेल. पण व्यापाऱ्याने आपली संपत्ती ज्याला तिची सर्वांत कमी गरज त्याच्याच पायाशी नेऊन ठेवावी, यात एक खोल तर्क मला दिसतो: ती पुन्हा मागे घेण्याची सोय अशा ठिकाणी राहत नाही. अहिल्याबाईंचे तुळशीपत्र आणि सेठजींची काच, दोन्हींचे मूळ एकाच विचारात आहे.

कान्ह नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. शिल्प सुरेख, आत राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती. पण स्वतःच्या स्मारकात स्वतःच देवाच्या जागी बसलेला राजा पाहिला की तुळशीपत्राची आठवण होऊन मन काहीसे उदास होते. जुन्या इंदुरातील इंद्रेश्वराच्या लहानशा देवळात, ज्याच्यावरून शहराला नाव मिळाले असे सांगतात, ते उदासपण गेले. रात्री सराफ्यात मात्र शबरस्वामींना चांगले उत्तर मिळते. दिवसा जेथे सोन्याचा भाव होतो, त्याच ओट्यांवर दुकानाची फळी लागल्यावर गराडू तळला जातो आणि भुट्ट्याचा कीस रटरटतो. मालकी एकाची, उपभोग दुसऱ्याचा, आणि दोघांनाही त्यात विपरीत काही वाटत नाही. देव स्वतः उपभोगीत नाही म्हणून तो स्वामी नव्हे, हा मीमांसकांचा युक्तिवाद सराफ्याच्या ओट्यावर टिकत नाही.

टिकतो तो त्यांचा दुसरा, न उच्चारलेला आक्षेप: मुक्या धन्याचा हिशेब कोण विचारणार? अहिल्याबाईंनी संकल्प सोडल्यावर हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती देऊन हात झटकले नाहीत, यातच तिच्या दानाचे मोल आहे. शंकराच्या नावाचा शिक्का उमटवणारी व्यक्ती रोज दरबारात सापडत होती, तिला प्रश्न विचारता येत होता. संस्थान विलीन झाल्यावर १९६२ साली खासगीच्या देवळांसाठी, घाटांसाठी आणि धर्मशाळांसाठी इंदुरात न्यास स्थापन झाला. त्याच्या काही मिळकती विकल्या गेल्याच्या तक्रारी उठल्या, वाद उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेला आणि तेथून दिल्लीला. २०२२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा सार्वजनिक न्यास आहे, त्याला मध्य प्रदेशाचा सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू होतो, त्याने रीतसर नोंदणी करावी, आणि झालेल्या विक्रीव्यवहारांची चौकशी निबंधकाने करावी.